छोट्या स्लूस बॉक्सनं नदीतलं सोनं : न्यूझीलंडमध्ये सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आरतीला, दिवाळीच्या फराळाला, नाहीतर कुणाच्या तरी घर बघायला गेलं की प्रश्न ठरलेला : "तुम्ही म्हणे नदीत सोनं शोधता?" पुढचे दहा प्रश्नही ठरलेले. दर वेळी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. आम्ही डनीडनला राहतो. आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी ओटागोतल्या आणि वेस्ट कोस्टच्या नद्यांवर जातो. नवरा खणतो, मी बॉक्स सांभाळते. आम्ही या विषयातले पंडित नव्हे. पण चुका भरपूर करून झाल्या आहेत, त्या तुम्ही परत करू नयेत एवढाच हेतू.

स्लूस बॉक्स म्हणजे नक्की काय?

दोन्ही टोकांना उघडी असलेली एक पन्हळ. लहान बॉक्स साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद असतो, ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा. तळाला रबराची किंवा केसाळ चटई, तिच्यावर जाळी आणि जाळीवर आडव्या पट्ट्या. या पट्ट्यांना रिफल म्हणतात. बॉक्स वाहत्या पाण्यात ठेवायचा, वरच्या तोंडाशी थोडी थोडी वाळू-खडी सोडायची. हलकं ते वाहून जातं, जड ते पट्ट्यांमागे अडकतं. ना मोटर, ना पंप. सगळं काम नदी करते.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा : बॉक्स सोनं शोधत नाही, फक्त वेगळं करतो. जिथे सोनं नाही तिथे जगातला सगळ्यात महाग बॉक्स लावलात तरी स्वच्छ धुतलेली खडीच मिळेल.

पट्ट्यांमागे सोनंच का अडकतं?

वजनामुळे. गारगोटीची वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड असते. काळी वाळू, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, पाचपट. शुद्ध सोनं एकोणीस पटीहून जड. नदीतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असल्यामुळे ते थोडं कमी भरतं, तरी बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे. पाणी पट्टीवरून उडी मारतं तेव्हा पट्टीमागे लहानसा भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात वाळू सतत खालीवर होत राहते आणि जड कण खाली खाली सरकत चटईत जाऊन बसतात. भोवरा चालू असेपर्यंत बॉक्स चालू. भोवरा थांबला की ती नुसती पन्हळ.

आधी पॅन शिकायचा की थेट बॉक्स घ्यायचा?

आधी पॅन, म्हणजे वाळू धुवायची पसरट थाळी. यावर माझ्याशी वाद घालू नका. जागा तपासायला पॅन लागतो, बॉक्समधून सोनं निसटतंय का ते बघायला पॅन लागतो आणि शेवटी बॉक्समध्ये जमलेला गाळ धुवायलाही पॅनच लागतो. पॅन न येता बॉक्स घेणं म्हणजे पोळ्या लाटता येत नसताना गिरणी विकत घेणं.

आणि पॅन अवघड नाही. सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांना ॲरो नदीवर घेऊन गेलो. त्या आजऱ्याच्या, घनसाळ तांदळाच्या गावच्या. मी पॅन गोल गोल फिरवत होते, अर्धी वाळू अंगावर आणि अर्धी नदीत. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "अगं, हे तर तांदूळ रोळणं! आण इकडे." साडी खोचून काठावर उकिडव्या बसल्या. पातेल्यात तांदूळ रोळताना जसा हात हलवतो तसाच पॅन हलवला, वरचं पाणी अलगद सोडलं, परत हलवला, परत सोडलं. तिसऱ्या पॅनला तळाशी काळ्या वाळूची कोर उरली आणि तिच्या टोकाला तीन पिवळे ठिपके. फरक एवढाच, की तांदूळ रोळताना वरचं ठेवून खालचे खडे टाकतो आणि इथे वरचं टाकून खालचं ठेवायचं. ज्यांच्या घरी आज्जीला तांदूळ रोळताना पाहिलंय, त्यांनी ते आठवावं. यूट्यूबवरच्या चार व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोग होईल.

परवाना लागतो का? कुठेही नदीत उतरता येतं का?

कुठेही नाही. न्यूझीलंडमध्ये जमिनीत आणि नदीत नैसर्गिक अवस्थेत असलेलं सोनं सरकारच्या, म्हणजे क्राउनच्या मालकीचं असतं. तुमच्या परसातल्या ओढ्यात सापडलं तरी. पण हौशी लोकांसाठी साउथ आयलंडमध्ये काही नद्यांचे ठराविक पट्टे 'गोल्ड फॉसिकिंग एरिया' म्हणून राखून ठेवले आहेत. नेल्सनकडे एओरेरे नदी, वेस्ट कोस्टवर रॉसचा जोन्स क्रीक, गोल्ड्सबरो, नेल्सन क्रीक, मूनलाइट क्रीक, ओटागोत ॲरो आणि शॉटोव्हर ही त्यातली ओळखीची नावं. या पट्ट्यांत परवाना लागत नाही आणि सापडलेलं सोनं तुमचं. अट एकच, पण कडक : हातानं चालवायची, बिनमोटरची अवजारं. पॅन, फावडं आणि हातानं लावायचा स्लूस बॉक्स चालतो. पंप, इंजिन लावलेलं काहीही चालत नाही.

पट्ट्याची हद्द कुठून कुठपर्यंत, ते 'न्यूझीलंड पेट्रोलियम अँड मिनरल्स' या सरकारी खात्याच्या नकाशांवर दिलेलं असतं. नकाशा फोनवर उतरवून घेऊन जा, कारण दरीत नेटवर्क नसतं. हद्दीच्या बाहेर शंभर मीटर गेलात तर तिथे कुणाचातरी खाणपरवाना असू शकतो, आणि तो माणूस बहुधा तिथेच उभा असतो. नदीचा काठ खणायचा नाही, झाडांच्या मुळांशी जायचं नाही, जाताना खड्डे बुजवून जायचं. एखाद्या ठिकाणी स्थानिक नियमांचा वेगळा फलक लावलेला असतो, तो वाचल्याशिवाय बॉक्स गाडीतून काढू नका. आणि १९०० पूर्वीच्या खाणकामाचे अवशेष, दगडी झोपड्या, रचलेले दगडांचे ढीग यांना पुरातत्त्वाचं संरक्षण आहे. तो ढीग तुम्हाला कितीही आशादायक वाटला तरी हात लावू नका.

या नद्यांत सोनं आलं कुठून? आणि आपल्या लोकांचा याच्याशी काही संबंध?

ओटागोचा बराचसा भाग शिस्ट नावाच्या पापुद्र्यापापुद्र्याच्या खडकाचा आहे. त्यातल्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं होतं. खडक झिजला, हिमनद्यांनी दळला, पाण्यानं वाहून आणला आणि सोनं जड म्हणून वाटेत ठिकठिकाणी बसलं.

इथल्या सोन्याच्या धावपळीची सुरुवात गेब्रिएल रीडपासून सांगतात. मे १८६१ मध्ये त्याला ज्या घळीत सोनं सापडलं ती आजही गेब्रिएल्स गली म्हणून ओळखली जाते. पण त्याच्या आधीच, १८५० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच तुआपेका भागात एडवर्ड पीटर्स नावाच्या माणसाला सोनं सापडलं होतं. हा पीटर्स मुंबईकडून आलेला. इथले लोक त्याला 'ब्लॅक पीटर' म्हणत. रीडला नाव मिळालं, बक्षीसही मिळालं. पीटर्सच्या वाट्याला बऱ्याच वर्षांनी तुटपुंजी मदत आली. ॲरो नदीचंही तसंच : १८६२ साली सोनं दिसलं ते जॅक टेवा या माओरी माणसाला, गाजलं ते विल्यम फॉक्सचं नाव. ॲरोटाउनला गेलात तर नदीकाठची चिनी खाणकऱ्यांची छोटी घरं जरूर बघा. गोऱ्या खाणकऱ्यांनी सोडून दिलेला माल त्यांनी चिकाटीनं परत धुतला. छोटा बॉक्स लावणाऱ्या माणसाचे खरे पूर्वज तेच.

सुरुवातीला काय काय घ्यावं?

बॉक्स, पॅन, दोन बादल्या, लहान फावडं, फटी खरवडायला जुना लांब स्क्रूड्रायव्हर, शोषून घेणारी प्लास्टिकची लहान बाटली, काचेची कुपी आणि चाळण. चाळण विसरू नका. बारा मिलिमीटरच्या आसपासच्या भोकांची, बादलीवर बसणारी. तिच्याशिवाय मोठे दगड बॉक्समध्ये जातात, पट्ट्यांवर अडतात आणि त्यांच्या भोवती पाणी उसळून बसलेलं सोनं उपसून नेतं.

पहिला बॉक्स वापरलेला घ्या. आमचा ८० डॉलरला मिळाला, आधीच्या मालकाचा उत्साह दोन शनिवारांत संपला होता. पट्ट्या आणि चटई सहज निघतात का एवढं बघा. थंडीनं बोटं बधिर झालेली असताना स्क्रू काढत बसायची वेळ आली की मी काय म्हणते ते कळेल. गुडघ्यापर्यंतचे गमबूट पाण्यानं भरतात, वेडर घ्या, म्हणजे बुटांसकट वरपर्यंत येणारी पाणी न शिरणारी विजार. आणि वेस्ट कोस्टला जाणार असाल तर सँडफ्लायसाठी औषध. त्यांच्यापुढे आपले कोकणातले डास म्हणजे संत.

बॉक्स घरी बनवता येईल का?

येईल. फळ्यांची पन्हळ, तळाला गाडीत घालतात तशी रेघारेघांची रबरी चटई, वर लोखंडी जाळी आणि लाकडी पट्ट्या. जुन्या काळी ओटागोच्या ड्रेजवर, म्हणजे नदीचा तळ उपसणाऱ्या तरंगत्या यंत्रांवर, सोनं धरायला काथ्याची चटई अंथरत, आपल्या दारातल्या पायपुसण्यासारखी. काथ्या धरतो छान, पण त्यातून बारीक सोनं झटकून काढणं हे वेगळंच काम. लाकडी बॉक्सची खरी अडचण म्हणजे तो तरंगतो आणि भिजला की वजनदार होतो. दोन्ही एकदम.

नदीत नेमकं कुठे खणायचं?

पाणी जिथे दमतं तिथे. नदी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूनं पाणी धावतं आणि आतल्या बाजूला मंदावतं. जड माल त्या आतल्या बाजूला पडतो. मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाकडे पाठ करून असलेल्या बाजूला, असंच होतं. पुरात सोनं हलतं आणि पूर ओसरताना बसतं, त्यामुळे आजचा प्रवाह नव्हे तर पुराच्या वेळचा प्रवाह डोळ्यांपुढे आणायचा. झाडांना अडकलेला पालापाचोळा कुठवर आहे बघा, पाणी तिथपर्यंत चढलं होतं.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तळाचा सलग खडक. शिस्टचे थर जिथे प्रवाहाला आडवे उभे असतात तिथे निसर्गानंच रिफल बसवलेले असतात. त्या फटींत घट्ट बसलेली चिकणमाती, गंजलेले खिळे, शिशाचे छर्रे असं काही निघालं तर खुश व्हा. शिसं जिथे बसलं तिथे सोनंही बसतं. खडकावर वाढलेलं शेवाळ बादलीत पिळून बघा, त्यातही बारीक सोनं असतं.

आम्ही जागेवर गेलो की पहिला तास, कधी दोन तास, बॉक्स उघडतच नाही. पाच-सहा ठिकाणांहून एकेक पॅन. जिथे पॅनला तीन-चार ठिपके दिसतात तिथे मुक्काम. पहिल्या वर्षी आम्ही उलट करायचो : आधी बॉक्ससाठी सोयीचं पाणी शोधायचो, मग त्याच्या शेजारी खणायचो. वर्षभराची कमाई कुपीच्या तळाला दिसतसुद्धा नव्हती.

बॉक्स पाण्यात कसा लावायचा?

इथे सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाचं पाणी शोधा. खोली पोटरीपर्यंत पुरे. पाणी कमी वाटलं तर दोन्ही बाजूंना दगड रचून नरसाळ्यासारखा छोटा बांध घाला म्हणजे प्रवाह बॉक्सच्या तोंडात येईल. निघताना दगड होते तिथे परत टाका. बॉक्सखाली चपटे दगड ठेवून वरचं तोंड खालच्या टोकापेक्षा ६ ते ८ सेंटिमीटर उंच करा. नव्वद सेंटिमीटरच्या बॉक्सला एवढा उतार सुरुवातीला ठीक असतो. डावी-उजवी बाजू मात्र अगदी समपातळीत हवी. गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम, नसेल तर पट्ट्यांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघा. एका बाजूला ते जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसलं तर दगड सरकवा. तिरक्या बॉक्समध्ये अर्ध्या पट्ट्या नुसत्या शोभेला असतात.

पट्ट्यांवरून दोन-तीन बोटं पाणी वाहायला हवं. आता एक मूठ चाळलेली खडी वरच्या तोंडाशी सोडा आणि बघा. वाटाण्याएवढे खडे न थांबता गडगडत बाहेर गेले पाहिजेत आणि प्रत्येक पट्टीमागे काळसर वाळूची एक पट्टी उकळत्या आमटीसारखी हलत राहिली पाहिजे. ती हालचाल दिसली की बॉक्स लागला. पट्ट्यांमधल्या जागा वाळूनं काठोकाठ भरून घट्ट झाल्या तर पाणी किंवा उतार कमी आहे. पट्ट्यांमागे काहीच थांबत नाही, चटई धुतल्यासारखी स्वच्छ दिसते, तर जास्त आहे. एका वेळी एक सेंटिमीटर बदलायचं, परत मूठभर सोडायची, परत बघायचं. आम्हाला अजूनही यात वीस मिनिटं जातात.

आणि शेवटी बॉक्सच्या वरच्या टोकावर आडवा दगड ठेवा. दुसऱ्याच दिवशी आम्ही ठेवला नाही, डबा उघडून पोळीभाजी खायला बसलो आणि समोरून बॉक्स निघाला. नवरा दोनशे मीटर धावला. बॉक्स मिळाला, सकाळभराचा माल नदीनं परत घेतला.

माल किती वेगानं टाकायचा?

हळू. थापीभर टाका, पट्ट्या स्वच्छ होऊ द्या, मग पुढची थापी. बादली उपडी केलीत तर वरचा थर खालच्याच्या डोक्यावरून सरळ बाहेर जाईल, सोन्यासकट. पुरुषमंडळींना हे सांगावं लागतं. मोठ्या फावड्यानं धडाधड टाकण्यात काय आनंद असतो देव जाणे.

सोनं बाहेर निसटत नाहीये ना, हे कसं कळणार?

बॉक्सच्या खालच्या टोकाशी पॅन धरा, बाहेर पडणारी वाळू घ्या आणि धुवून बघा. तासातून एकदा तरी. पॅनमध्ये पिवळा ठिपका दिसला तर उतार, पाणी किंवा तुमचा वेग चुकतोय. दुसरी खूण चटईत मिळते : बहुतेक सोनं वरच्या पहिल्या तीसेक सेंटिमीटरमध्ये असायला हवं. शेवटच्या पट्टीपर्यंत पसरलेलं दिसलं, तर काही पुढेही गेलं असणार.

बॉक्स कधी उपसायचा आणि कसा?

दोन तासांनी, किंवा काळी वाळू पट्ट्यांच्या निम्म्यावर आली की. आडवाच, न हिंदकळवता उचला आणि खालचं टोक बादलीत घाला. पट्ट्या काढा, चटई गुंडाळून बादलीत बुडवून खळखळून धुवा. मग वरच्या बाजूनं पाणी ओतून पन्हळ धुवा. धुण्याची बादली वेगळी ठेवा. आमच्याकडे एकदा ती पिण्याच्या पाण्याची समजून कुणीतरी ओतून दिली होती. नाव घेत नाही, तो इथेच शेजारी बसलाय.

काळ्या वाळूतून सोनं वेगळं काढणं जमत नाही. काय करू?

घाई करू नका, हे काम नदीवर करायचंच नाही. गाळ बरणीत भरून घरी आणा आणि अंघोळीच्या टबात निवांत धुवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. बारीक चपटं सोनं पाण्यावर तरंगून जातं, साबणानं ते बुडतं. बरंचसं निघालं की उरलेली वाळू वाळवा आणि लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. पिशवी उलटी केली की वाळू गळून पडते. ओल्या वाळूत चुंबक घालू नका, वाळूचे झुपके सोन्याला मिठी मारून वर येतात. शेवटचे कण बाटलीनं शोषून कुपीत सोडायचे.

चकचकीत काहीतरी भरपूर दिसतंय. सोनंच ना?

भरपूर दिसत असेल तर नाही. ओटागोच्या शिस्टमध्ये अभ्रक ठासून भरलेलं आहे, ॲरोच्या काठावर उन्हात अख्खी वाळू लखलखते. पहिल्या दिवशी प्रत्येकजण फसतो. पॅनवर आपल्या अंगाची सावली पाडा. अभ्रक विझतं, सोनं सावलीतही तितकंच पिवळं राहतं. पॅन हलवला की अभ्रक पाण्याबरोबर पळतं, सोनं मागे रेंगाळतं. शंका उरलीच तर सुईच्या टोकानं दाबा. सोनं चेपतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा, चुरा होतो.

काही कण चांदीसारखे पांढरट आहेत, ते काय?

बहुधा पारा लागलेलं सोनं. जुन्या खाणकऱ्यांनी सोनं धरायला पारा वापरला, त्यातला थोडा नद्यांत राहिला. असे कण वेगळ्या बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि काहीही झालं तरी गॅसवर तापवू नका. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि शरीरातून लवकर जात नाही. स्वतःहून पारा वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर चहा पाजून वाटेला लावा.

खरं सांगा, किती मिळतं?

आमचा चांगला दिवस म्हणजे ०.३ ग्रॅम. आज्जीच्या हिशेबात अडीच गुंजा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्यासाठी असे जवळपास चाळीस चांगले दिवस लागतील. त्या ०.३ ग्रॅमसाठी आम्ही दहा लिटरच्या तीसेक बादल्या उपसतो. वजन करायला गेलं तर अर्धा टन माल. सगळं सोनं एकत्र केलं तर साबुदाण्याच्या एका बारीक दाण्याएवढं होईल. पेट्रोलचा खर्च मी कधी मोजला नाही, तुम्हीही मोजू नका.

रॉसमध्ये १९०९ साली तीन किलोंहून जड गोळा सापडला होता, 'ऑनरेबल रॉडी' नावाचा. सरकारनं तो १९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांना राज्याभिषेकाची भेट दिला. ही गोष्ट ऐकली की नवीन माणसांचे डोळे चमकतात. सांगायला छान आहे, पण तो मोठ्या खाणकामाचा काळ होता. छोट्या बॉक्सच्या चटईत मोहरीएवढा दाणा आला तरी आम्ही फोटो काढतो.

बॉक्समध्ये हिरवा दगड आला. ठेवू का?

पौनामू, म्हणजे इथलं जेड, असेल तर नाही. १९९७ च्या कायद्यानं साउथ आयलंडच्या त्यांच्या मुलखातला नैसर्गिक पौनामू न्गाई ताहू या माओरी जमातीच्या मालकीचा आहे. वेस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर हाताने उचलून नेता येईल एवढा घ्यायला त्यांनी लोकांना मुभा दिली आहे, पण नदीतला दगड नदीत ठेवायचा.

जमलेल्या सोन्याचं मंगळसूत्र करता येईल?

दोन वाट्यांइतकं जमायला काही वर्षं लागतील. नदीचं सोनं शुद्ध नसतं, वितळवताना घटही येते. भारतात न्यायचं असेल तर कस्टम्सला सांगूनच न्या. कुपीतली पिवळी पूड विमानतळावर समजावून सांगणं फार मजेचं नसतं. आमच्या ओळखीच्या एकांनी इथल्याच सोनाराकडून छोटी नथ करून घेतली, मोती गावाकडचा. मला ती कल्पना आवडली.

हे महाराष्ट्रात करता येईल का?

हौस म्हणून नाही. परवान्याशिवाय नदीपात्रातून खनिज काढणं भारतात बेकायदा आहे. शिवाय पश्चिम महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा, कृष्णा-कोयनेत पॅन घेऊन बसलात तर मासेच दिसतील. पूर्व विदर्भाची गोष्ट वेगळी. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत सोन्याच्या खुणा आहेत. सोनं धुण्याचं कौशल्य मात्र आपल्याकडे जुनंच आहे. सराफकट्ट्यावरची धूळ, गटारातला गाळ धुवून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आणि विदर्भातले सोनझारी पोटासाठी हे काम करत आले. त्यांच्या हाताची सफाई पाहिली असती, तर आमची पहिली दोन वर्षं वाचली असती.

मुलांना न्यावं का?

न्या, पण उन्हाळ्यात आणि उथळ पाण्यावर. उन्हाळा म्हणजे इथला डिसेंबर ते फेब्रुवारी, हे नव्यानं आलेल्यांसाठी. तेव्हाही पाणी बर्फाचंच असतं. मुलांना सोन्यापेक्षा बांध घालण्यात जास्त रस असतो, घालू द्या. टोपी आणि सनस्क्रीन सक्तीचं.

पावसाचा अंदाज असेल तर?

घरी बसा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही, वर डोंगरात पडला तरी दरीतली नदी झपाट्यानं चढते. जुलै १८६३ च्या पुरांत याच नद्यांच्या काठी झोपलेले खाणकरी वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या वाहत येऊ लागल्या की बॉक्स सोडून वर चढा. बॉक्स ८० डॉलरचा आहे.

घरी आल्यावर काय करायचं?

सगळं सामान धुवायचं, हे ऐच्छिक नाही. २००४ साली साउथ आयलंडच्या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ आढळलं. दगडांवर ओल्या लोकरीसारखं पसरतं आणि ओल्या सामानातल्या एका थेंबातून दुसऱ्या नदीत जातं. बॉक्स, पॅन, फावडं नीट घासून धुवायचं. चटई आणि वेडर पाणी धरून ठेवतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. मग सगळं हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवून वर आणखी ४८ तास तसंच ठेवायचं. आमची चटई रविवारी रात्री कपड्यांच्या दोरीवर टॉवेलांच्या शेजारी जाते. शेजारच्या आज्जींना वर्षभर वाटत होतं की आम्ही दर आठवड्याला पायपुसणं धुतो.